कार्डं कमी करायचीत, पण ठेवायची कुठली?

खोकेबहाद्दर:
मंडळी, मदत हवीय. माझ्याकडे खेळाडूंची फोटोवाली अंदाजे ४००० कार्डं आहेत, बेसबॉल जास्त, बास्केटबॉल थोडं, हॉकी अगदी मूठभर. आता लहान जागेत जातोय म्हणून ठरवलं की एकच खोकं ठेवायचं, ते ८०० कार्डांचं लांबडं पांढरं पुठ्ठ्याचं असतं ना तेवढं. तीन रविवार झाले नुसता बसतोय. "द्यायची" म्हणून गठ्ठा लावतो आणि उठायच्या आत त्यातली निम्मी परत इकडे आलेली असतात. आधी किमतीप्रमाणे लावून बघितली, तर वर आलेली बरीचशी मला मुळात आवडतच नाहीत, भाव वाढेल म्हणून घेतलेली, त्यातल्या काही खेळाडूंचा एक सामनासुद्धा मी धड पाहिलेला नाही. आणि तळाला गेलेलं एक, कोपरे मेलेले, मधोमध घडी, ते मी कुणालाही देणार नाही. मग लावायचं तरी कशावर? वर टॉप्स कंपनीचा १९८७ चा अख्खा सेट आहे, ७९२ कार्डं. तो ठेवला की खोकं संपलं :(

पुठ्ठेपंडित:
सेट जाऊ दे. सरळ सांगतो, १९८७ च्या आसपासपासून ते नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत बेसबॉलची कार्डं इतकी छापली गेली की त्या काळाला जंक वॅक्स (जंक म्हणजे भंगार, वॅक्स म्हणजे कार्डांची मेणकागदी पाकिटं) असंच नाव पडलं. आणि सगळ्यांनीच जपून ठेवली, हा खरा घोटाळा. जुनी कार्डं महाग का, तर लोकांनी ती फेकली, पोरांनी सायकलच्या चाकात अडकवली. १९५२ च्या टॉप्सची न खपलेली खोकी तर कंपनीनेच नंतर समुद्रात बुडवली होती. तुझा लाकडी बॉर्डरवाला सेट दिसायला छान आहे, मलाही आवडतो, पण उद्या वाटलं तर परत सहज मिळेल. जे परत सहज मिळतं त्याला जागा कशाला द्यायची?
फक्त गठ्ठा बाहेर काढायच्या आधी चुकीची छपाई बघून घे. १९९० च्या टॉप्समध्ये फ्रँक थॉमसचं पुढच्या बाजूला नावच न छापलेलं कार्ड आहे, फ्लीअर कंपनीच्या १९८९ च्या सेटमध्ये बिली रिपकेनच्या बॅटच्या मुठीवर शिवी लिहिलेली आहे. असली चुकून भरताडात जातात आणि मग माणूस वर्षभर हळहळतो.

ग्रेडवाला_नाही:
किमतीचं मी सांगतो कारण मी त्यात हात भाजून घेतलेत. एक, लोक मागतात तो भाव बघू नकोस, विकल्या गेलेल्याचा बघ. दोन, "रूकी आहे", म्हणजे खेळाडूचं पहिलंवहिलं कार्ड आहे, एवढ्यावर ठेवू नकोस. बेसबॉलवाल्या मिकी मँटलच्या ज्या कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर आले ते १९५२ चं टॉप्स, त्याचं रूकी नव्हेच, रूकी १९५१ चं, बोमन कंपनीचं. तीन, अप्पर डेक कंपनीचं १९८९ चं बेसबॉलवाल्या ग्रिफी ज्युनियरचं कार्ड, सेटमधलं नंबर १, सगळ्यांकडे असतं आणि सगळ्यांना वाटतं आपलंच १० ग्रेडचं, म्हणजे ग्रेडिंगवाले अवस्था तपासून १० पैकी १० देतील असं. मीपण पाठवली होती, एक ना दोन, चांगली वीस कार्डं, नुसत्या डोळ्याने बघून. परत आली तेव्हा ग्रेडिंगची फी कार्डांच्या किमतीपेक्षा जास्त झाली होती. चारी बाजूंचा बॉर्डर सारखा आहे का, कोपऱ्यावर पांढरं दिसतंय का, तिरप्या उजेडात पृष्ठभागावर ओरखडे दिसतात का, एवढं घरी बघितलं असतं तर सतरा तिथेच बाद झाली असती.
आणि फ्लीअरचं १९८६-८७ चं बास्केटबॉलवाल्या जॉर्डनचं असेल तर खोटं नाही ना ते जाणकाराकडून बघून घे, त्याच्या नकला फार फिरतात.

तिसरी_ओळ:
मी काय केलं ते सांगते. खोकी बंद करून ठेव, झाकणसुद्धा उघडू नकोस, कागद घे आणि आपल्याकडे कुठली कार्डं आहेत ते आठवून लिही. बस. दोन-तीन दिवस लिहीत राहा, मधेच आठवतात. जे कागदावर आलं ते ठेवायचं, बाकी ज्याची नुसती "हेपण होतं वाटतं" अशी ओळख आहे ते गेलं तरी तुला कळणार नाही. कार्ड हातात घेऊन ठरवायला बसलं की प्रत्येक कार्ड गोड वाटतं, हीच तर गोची आहे. माझ्या ६०००मधली कागदावर २०० सुद्धा आली नाहीत, बाकी सगळी मी नुसती सांभाळत होते, साधा मऊ पीव्हीसीचा अल्बम होता, त्यात काही चिकटून पार वाया गेली ती वेगळीच.

पुठ्ठेपंडित:
@तिसरी_ओळ हे भारी आहे. पण मग आठवत नसलेलं एखादं महाग निघालं तर?

तिसरी_ओळ:
मग ते वीक की दादा :) ठेवायचं काय आणि फुकट द्यायचं नाही काय हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

एकचखेळाडू:
मी फक्त आइस हॉकीवाला ग्रेट्झकी ठेवला, बाकी साफ. त्याचं १९७९-८० चं ओ-पी-ची कंपनीचं रूकी सोडून, ते परवडलं नाही कधी. एकाच माणसाचं जमवायला लागलं की "हे घेऊ का" हा प्रश्नच संपतो.

खोकेबहाद्दर:
कागदाचा प्रयोग केला, चार दिवस. ६३ आली. घडीवालं पहिल्या नंबरवर. मग खोकी उघडून एकेक शोधायला बसलो तर त्यातली ११ माझ्याकडे नाहीतच, कधीतरी अदलाबदलीत दिलेली, काही तर शाळेत असताना. म्हणजे उरली ५२. सेट काल दिला, ज्याला दिला त्याने तिथेच उघडून नंबर लावायला घेतले. ८०० च्या खोक्यात आता ५२ कार्डं खुळखुळतायत, तर प्रश्न असा की ती ११ परत शोधायला लागू का?

पुठ्ठेपंडित:
झालं सुरू.

तिसरी_ओळ:
यादी टाक इथे. त्यातलं एखादं माझ्याकडे डबल असेल कदाचित.