गावातील पाटीवर केवळ आकडा आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावे कशी शोधावीत?

प्रश्न : खेडची शिक्षिका

आमच्या गावातील जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती मृत्यू पावली, एवढेच तिच्यावर कोरलेले आहे. नाव एकाचेही नाही. आता ती इमारत पाडली जाणार असल्यामुळे पाटी नव्या इमारतीत सन्मानाने बसवावी आणि तिच्याशेजारी नावांचा फलक लावावा, असे ग्रामस्थांनी ठरवले आहे. अडचण अशी की, घरोघरी विचारल्यावर ‘आमचे पणजोबा पलटणीत होते, बसऱ्याला गेले होते’ यापलीकडे कोणालाही काही सांगता येत नाही. नावे मिळवण्याचा मार्ग आहे का? जे जिवंत परतले, त्यांचाही शोध घेता येईल का?

उत्तर : जुनी कागदपत्रे

मृतांपासून सुरुवात करावी, कारण त्यांची नोंद मिळण्याची शक्यता अधिक आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते. पुष्कळ भारतीय शिपायांच्या नोंदीत पलटण आणि सैनिक क्रमांकाबरोबरच वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. मात्र गावांची नावे इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहेत, त्यामुळे आपल्या गावाचे नाव जितक्या प्रकारे चुकीचे लिहिता येईल, तितक्या प्रकारे लिहून पाहावे. जिल्ह्याची नावेही त्या काळची आहेत. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, म्हणून मालवणचा शिपाई तेथे रत्नागिरी जिल्ह्याचा म्हणून सापडतो, आणि महाड-माणगावचा शिपाई कुलाबा जिल्ह्याचा म्हणून. मोरे, कदम, सावंत, शिंदे ही आडनावे आणि तीच ती नावे शेकड्यांनी येतात. वडिलांचे नाव आणि गाव जुळल्याशिवाय कोणालाही आपल्या गावचा मानू नये.

परतलेल्यांसाठी घरातील ट्रंका, देव्हारे आणि माळे यांचाच आधार आहे. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक कृपया घासून चकचकीत करू नये, त्याने अक्षरे झिजतात. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्याची जड तबकडी सापडली, तर ती मृताच्या कुटुंबाला पाठवलेली असते. तिच्यावर नाव असते, हुद्दा मुद्दामच नसतो.

उत्तर : निवृत्त सुभेदार

‘बसऱ्याला गेले’ या दोन शब्दांमागे काय आहे, ते फलकावर थोडे तरी यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बसरा हे आजच्या इराकमधील, फौज उतरण्याचे बंदर होते. तुर्की फौजेशी खरी लढाई तेथून तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी हानी सोसून ही फौज मागे हटली आणि नदीकाठच्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे सुमारे १४५ दिवस तो वेढा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. अनेक भारतीय शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि स्कर्व्हीने (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) त्यांचे हाल झाले. शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसे कैद झाली. अर्धपोटी शिपायांना वाळवंटातून आजच्या सीरियातील रास-अल-ऐनपर्यंत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले.

ज्यांची थडगी सापडली नाहीत, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. त्याच्या शिळांवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, परंतु भारतीय शिपायांची पलटणवार फक्त संख्या कोरली गेली. नावे नोंदवहीत राहिली. आपल्या शाळेतील पाटीचे आणि त्या स्मारकाचे दुखणे एकच आहे, म्हणून आपण हाती घेतलेले काम मला फार मोलाचे वाटते.

उत्तर : एक वाचक

मला या विषयात एक शंका प्रामाणिकपणे मांडावीशी वाटते. ही माणसे परकीय सत्तेसाठी लढली, आणि तीही आपल्याशी ज्यांचे काही वैर नव्हते अशा लोकांविरुद्ध. त्यांचा गौरव करणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे ठरणार नाही का?

उत्तर : जुनी कागदपत्रे

शंका रास्त आहे आणि फलकाचा मजकूर लिहिताना ती डोळ्यांपुढे असावी. ‘देशासाठी हुतात्मा’ असे लिहू नये. कोकणातील डोंगरउताराची नाचणी वर्षभर पुरत नसे आणि पलटणीचा पगार मनिऑर्डरने घरी येत असे. बहुतेकांच्या भरतीचे कारण एवढे साधे होते. नाव, वडील, वाडी, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण एवढेच लिहिले, तर साम्राज्याचा उदोउदो होत नाही, आणि गावातून गेलेला माणूस मात्र नावाने परत येतो.

आणखी एक गोष्ट अवश्य करावी. चौकशी केवळ मराठा घरांपुरती ठेवू नये, बौद्धवाडीतही आवर्जून जावे. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि १९२१ मध्ये मोडली गेली, त्यामुळे तिच्या शिपायांची आठवण ठेवणारी पलटणच उरली नाही. लढाऊ नसलेले हमाल, खेचरवाले, पखालवाले आणि मजूर यांना तर तेच पदक चांदीऐवजी कांस्याचे मिळाले. असे पदक दिसले, तर ते नकली समजून कोणी टाकून देऊ नये. पाटीवरील ‘गेलेल्यांच्या’ आकड्यात ही माणसेही असू शकतात.

खेडची शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. कमिशनच्या यादीत वडिलांच्या नावासह आणि गावासह जुळणारी दोन नावे मिळाली, दोन्ही ११० व्या पलटणीची. पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीतील एका माणसाकडे घरोघर विचारण्याचे काम सोपवणार आहोत. फलकावर परतलेल्यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवू, आणि नावे मागाहून सापडली तर कोरता यावीत म्हणून खाली जागा मोकळी सोडू.