फौजेतल्या टिनच्या अननसाची चव आता कुठे मिळेल?

साताऱ्याचा_वारा: नमस्कार मंडळी. माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ऐंशीच्या दशकात लडाखला होते. सुट्टीवर येताना ट्रंकेत वाटणीचे वाचवलेले एक-दोन टिन हमखास असायचे, बहुतेक अननसाचे. चकत्या आम्ही पोरं संपवायचो आणि उरलेल्या पाकात पाणी घालून आई सरबत करायची. हल्ली बाबांचं जेवण कमी झालंय, पण त्या टिनांचा विषय निघाला की तासभर बोलतात. मॉलमधून एक डबा आणला, तर म्हणाले, "हा पांचट आहे." कुठला घ्यावा? शिवाय छावणीजवळच्या एका दुकानात जुने फौजी टिन मिळतात म्हणे. आणू का?

माजी_हवालदार: आधी डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. फळ नुसत्या रसात घातलेलं असेल तर सुभेदारसाहेबांना ते पांचटच लागणार. साखरेच्या दाट पाकातलं, गोल चकत्यांचं घ्या. भूतानच्या ड्रुकचा डबा मिळाला तर बघा. साहेबांचं कॅन्टीन कार्ड असेलच, तिथेही चौकशी करा. आणि हो, गार करून द्या, अगदी कडक गार. वर पोस्टवर टिन दगडासारखा गोठायचा. बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ, ठेवून जरा सैल झाला की उघडायचा, तरी मधोमध बर्फ असायचा. तो बर्फाळ घास आणि वर पाक! ताजं फळ महिनोन् महिने दिसायचं नाही, त्यामुळे त्या चकतीची किंमत आम्हालाच ठाऊक.

अन्नतंत्र_कोल्हापूर: जुने फौजी टिन अजिबात आणू नका, ही कळकळीची विनंती. अननस आंबट असतो, वर्षानुवर्षं तो आतून पत्रा खात राहतो. भाजी-मांसाच्या डब्यांचा धोका तर फारच मोठा. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू मारायला डबे दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवावे लागतात. तिथे कसर राहिली किंवा नंतर जोड सुटला तर चवीवरून काहीच कळत नाही. फुगलेला, गंजलेला, जोडावर चेपलेला डबा सरळ टाकून द्यायचा. नवा डबाही उघडल्यावर उरलेलं काचेच्या भांड्यात काढा. बंद टिन शेगडीवर तर कधीच ठेवू नका, फुटतो.

बाबांना हेही सांगा की म्हैसूरच्या डीएफआरएलमध्ये, म्हणजे १९६१ पासून फौजेच्या खाण्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत, पुलाव, हलवा असे तयार पदार्थ पिशवीबंद करण्याचं तंत्र विकसित झालं. पाठीवर वाहायला पत्र्यापेक्षा पिशवी हलकी, आणि गरमही लवकर होते.

कोकणकन्या: दादा, घरीच करा की! पिकलेला पण घट्ट अननस घ्या, डोळे नीट काढा, चकत्या करून मधला दांडा कोरा. दोन वाट्या पाण्याला दीड वाटी साखर, उकळी आली की चकत्या सोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. त्याच पाकात रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्या. टिकवायचं मात्र नाही, तीन-चार दिवसांत संपवा. काकांना साखरेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

साताऱ्याचा_वारा: सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या टिनांचा विचार सोडला. साखर बाबांची ठीक आहे. ताईंची कृती रविवारी करतो, दाट पाकाचा डबाही शोधतो. बाबांनी आता मिल्कमेडच्या चहाचीही फर्माईश केलीय. प्रमाण कोणी सांगेल का?

माजी_हवालदार: दोन कप पाणी, दोन चमचे कडक पत्ती, आलं ठेचून. चांगलं उकळून गाळा आणि मग मोठे दोन-तीन चमचे मिल्कमेड ढवळा. वेगळी साखर नको. आणि कपात नको, स्टीलच्या मगात द्या. साहेबांना माझा जय हिंद सांगा.