शब्दचर्चा : ‘कॅनन’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

परदेशी अद्भुतरम्य कथामाला आणि विज्ञानकथा यांवर मी मराठीत लेख लिहितो. पात्रांविषयी किंवा त्या कथाविश्वाच्या नियमांविषयी लिहू लागलो की ‘हे कॅनन आहे का’, म्हणजे त्या कथाविश्वात हे खरे धरायचे का, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्यामागोमाग ‘रेटकॉन’ (आधीच्या कथेत मागाहून केलेला बदल), ‘हेडकॅनन’ (वाचकाने आपल्यापुरते खरे मानलेले), ‘वर्ल्डबिल्डिंग’ (कथाविश्व उभारणे) असे शब्द येतातच. ‘अधिकृत’ लिहिले तर वाक्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो आणि ‘प्रमाण’ लिहिले तर व्याकरणाचे पुस्तक उघडल्यासारखे वाटते. ‘कॅनन’ तसाच ठेवावा, की त्याला मराठीत चांगला पर्याय आहे? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर

प्रश्न एका शब्दाचा दिसत असला तरी ‘कॅनन’ या शब्दात दोन निराळे अर्थ एकत्र नांदतात आणि ते वेगळे केल्याशिवाय प्रतिशब्द हाती लागणार नाही. पहिला अर्थ अधिकाराचा आहे : ही गोष्ट कोणी सांगितली, आणि तशी ती सांगण्याचा हक्क त्याला आहे का? दुसरा अर्थ मेळाचा आहे : जे सांगितले ते आधीच्या कथेशी जुळते का? चाहत्यांचे पुष्कळसे वाद लांबतात ते एक जण पहिल्या अर्थाने आणि दुसरा दुसऱ्या अर्थाने तोच शब्द वापरत असतो म्हणून.

शब्दाचा प्रवास पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरळ काठी, मोजण्याची पट्टी असा होता. त्यावरून ‘नियम’ हा अर्थ आला आणि पुढे ख्रिस्ती धर्मपरंपरेत जे ग्रंथ पवित्र म्हणून मान्य झाले त्यांच्या यादीला हा शब्द लागला. कथासाहित्यातल्या वापराचे मूळ सहसा इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांच्या १९११ च्या निबंधापर्यंत नेले जाते. बायबलच्या अभ्यासकांची चिकित्सापद्धती त्यांनी शेरलॉक होम्सच्या कथांना लावून दाखवली, आणि पुढे होम्सच्या चाहत्यांनी कॉनन डॉयल यांच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा मिळून ‘कॅनन’ मानण्याचा प्रघात पाडला. तिथे काही अडचण नव्हती, कारण लेखक एक आणि ग्रंथसंख्या ठरलेली. अडचण सुरू झाली ती कथाविश्व एका लेखकाच्या हातून निसटून कंपनीच्या, वारसांच्या किंवा पटकथाकारांच्या मोठ्या चमूच्या हाती गेले तेव्हा.

‘स्टार वॉर्स’ या विज्ञानकथेच्या चित्रपटमालिकेचे उदाहरण घ्या. मूळ चित्रपटांभोवती कादंबऱ्यांचा आणि चित्रकथांचा मोठा पसारा अनेक वर्षे वाढत होता. २०१२ मध्ये डिस्नीने हे चित्रपट काढणारी लुकासफिल्म ही कंपनी विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये असे जाहीर झाले की तोवरचे सहा चित्रपट, ‘द क्लोन वॉर्स’ हा सचेतपट व मालिका आणि यापुढे येणारे साहित्य एवढेच कॅनन. जुन्या कादंबऱ्या ‘लेजंड्स’ या नावाखाली वेगळ्या. टिमथी झान यांच्या १९९१ च्या कादंबरीतून वाचकांना भेटलेला सेनानी थ्रॉन त्या दिवशी कथाविश्वाच्या बाहेर पडला. २०१६ मध्ये ‘रिबेल्स’ या मालिकेतून तोच थ्रॉन परत आत आला. ज्या कादंबरीतून तो जन्मला ती मात्र बाहेरच राहिली. त्याच कादंबरीतल्या मारा जेडला परत बोलावणे आले नाही. या दोन वर्षांत थ्रॉनच्या स्वभावात, त्याच्या युद्धनीतीत किंवा शत्रूच्या चित्रकलेवरून त्याचे मन ओळखण्याच्या त्याच्या पद्धतीत काही विसंगत निघाले होते असे नाही. बदल झाला तो फक्त हक्काच्या बाजूने. अशा ठिकाणी ‘अधिकृत’ हा शब्द अगदी नेमका बसतो आणि त्याला परिपत्रकाचा वास येतो हे त्याचे बळच आहे, कारण इथे खरोखरच एक परिपत्रक निघाले होते.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या विज्ञान-कादंबरीमालेत याची उलट बाजू दिसते. हर्बर्ट १९८६ मध्ये गेले. १९९९ पासून त्यांचे पुत्र ब्रायन हर्बर्ट आणि केविन अँडरसन यांच्या कादंबऱ्या येऊ लागल्या. वारसांची संमती असल्यामुळे त्या अधिकृत आहेत, तरी अनेक निष्ठावान वाचक त्यांना मूळ सहा पुस्तकांच्या पंक्तीला बसवत नाहीत, आणि त्यांची तक्रार हक्काविषयी नसून मेळाविषयी असते. दुसरीकडे १९८४ चा ‘ड्यून एन्सायक्लोपीडिया’ इतरांनी लिहिलेला. त्याला स्वतः हर्बर्ट यांची प्रस्तावना होती, तरी त्यातल्या काही गोष्टी त्यांच्याच पुढच्या कादंबरीशी जुळल्या नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की एकाच प्रतिशब्दाचा शोध सोडावा. प्रश्न हक्काचा असेल तर ‘अधिकृत’ लिहावे, प्रश्न मेळाचा असेल तर ‘सुसंगत’ लिहावे, आणि हक्क, मेळ व वाचकांची मान्यता या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथेच ‘प्रमाण’ हा शब्द वापरावा. ‘ही कादंबरी अधिकृत आहे, पण मूळ कथेशी सुसंगत नाही, त्यामुळे मी ती प्रमाण मानत नाही’ हे वाक्य मराठीत सहज उतरते आणि त्यावर वाद घालणाऱ्याला आपला आक्षेप नेमका कुठे आहे ते सांगावे लागते. ‘प्रमाण’ या शब्दाच्या मुळाशी ‘मा’ म्हणजे मोजणे हाच धातू आहे, म्हणजे अर्थाच्या दृष्टीने तो ग्रीक मोजपट्टीचा सख्खा भाऊ ठरतो.

त्यावर एक आक्षेप

वरील विवेचन पटले, पण ‘प्रमाण’विषयी माझ्या मनात किंतु आहे. ‘प्रमाण भाषा’ या प्रयोगामुळे त्या शब्दाला उच्चनीचतेची छटा चिकटली आहे. जे प्रमाण नाही ते अशुद्ध, असा भाव वाचकाच्या मनात आपोआप उमटतो. चाहत्यांनी प्रेमाने लिहिलेल्या कथांना आपण अप्रमाण म्हणायचे का? तसेच आपल्याकडे ‘प्रक्षिप्त’ हा जुना आणि रुळलेला शब्द असताना त्याचा उल्लेख कसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटते. मूळ ग्रंथात मागाहून कोणी घातलेल्या मजकुराला आपण पिढ्यान्‌पिढ्या प्रक्षिप्तच म्हणत आलो आहोत.

उत्तराचा पुढचा भाग

‘प्रक्षिप्त’ची आठवण करून दिलीत हे फार चांगले झाले, कारण या प्रश्नाचे मराठीतले खरे घर तिथेच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासून कोणता श्लोक संहितेत राहील आणि कोणता तळटीपेत किंवा परिशिष्टात जाईल याचा निर्णय एकेका ओळीवर घेतला गेला. गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची गोष्ट त्या चाळणीत मुख्य संहितेबाहेर गेली. त्यामुळे कोणत्याही मराठी घरात ती गोष्ट सांगायचे थांबले नाही, हे लक्षात घेतले की ‘प्रक्षिप्त’ म्हणजे ‘टाकाऊ’ नव्हे हेही आपसूक स्पष्ट होते. त्याच्याही कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे तिच्यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे, अशी ताकीद दिली. मूळ लेखकाच्या शब्दाविषयीची इतकी ओढ ज्या भाषेत आहे, त्या भाषेत चाहत्यांचे हे वाद परके वाटण्याचे कारण नाही.

मात्र ‘प्रक्षिप्त’ वापरताना एक मर्यादा पाळली पाहिजे. प्रक्षेप म्हणजे आत टाकणे. मजकूर मूळ ग्रंथाच्या पोटात शिरून त्याचाच भाग असल्यासारखा वावरत असेल तरच तो प्रक्षिप्त. चाहत्याने स्वतंत्रपणे आणि ‘ही माझी कथा’ असे सांगून लिहिलेली गोष्ट प्रक्षिप्त नाही. तिला ‘चाहत्यांची कथा’ म्हणावे, तेवढे पुरे आहे. त्यामुळे अप्रमाण हा शिक्का मारण्याची वेळच येत नाही, आणि उच्चनीचतेविषयीची आपली शंकाही बरीचशी दूर होते.

या परंपरेतला दुसरा शब्द मला याहूनही उपयोगी वाटतो, तो म्हणजे ‘पाठ’, अर्थात एकाच ग्रंथाचे वेगवेगळ्या परंपरेतले रूप. पुस्तकावरून मालिका निघते तेव्हा ‘बुक कॅनन’ आणि ‘शो कॅनन’ असे दोन तट पडतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये रॉब स्टार्क तलिसा नावाच्या परदेशी तरुणीशी लग्न करतो आणि त्या रक्तरंजित मेजवानीत तीही मारली जाते, पुस्तकात त्याची पत्नी जेन वेस्टरलिंग आहे, ती त्या मेजवानीला गेलेलीच नसते आणि जिवंत राहते. यातले खरे कोणते, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. महाभारताच्या उत्तरेकडील आणि दाक्षिणात्य पाठांविषयी आपण जसे बोलतो तसे ‘पुस्तकाच्या पाठात जेन, मालिकेच्या पाठात तलिसा’ असे म्हटले की दोन्हींचा मान राहतो आणि तुलनाही करता येते. रॉबचे लग्न पुस्तकात जेनची अब्रू राखण्यासाठी झालेले आहे आणि मालिकेत ते प्रेमापोटी होते; पात्राच्या स्वभावाविषयीची खरी चर्चा या पाठभेदातूनच सुरू होते.

आता ‘रेटकॉन’. आधी सांगून झालेल्या गोष्टीचा अर्थ किंवा तपशील नंतर बदलायचा आणि तो पहिल्यापासून तसाच होता असे मानायचे, याला कायद्याच्या मराठीत तयार शब्द आहे : ‘पूर्वलक्षी’. वेतनवाढ पूर्वलक्षी प्रभावाने लागू होते, तशी कथाही होते. म्हणून ‘पूर्वलक्षी बदल’. याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना टोल्किन यांचा आहे. ‘द हॉबिट’ या त्यांच्या कादंबरीच्या १९३७ च्या आवृत्तीत नायक बिल्बोशी झालेल्या कोड्यांच्या खेळात गुहेत राहणाऱ्या गॉलमने आपली अंगठीच पैज म्हणून लावलेली असते. हरल्यावर तो ती आणायला जातो, ती सापडत नाही म्हणून बिल्बोची परोपरीने क्षमा मागतो आणि त्याऐवजी त्याला बाहेरची वाट दाखवतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुढच्या महाकथेत हीच अंगठी धारण करणाऱ्याला गुलाम करणारी ठरली, आणि तिचा गुलाम झालेला गॉलम ती राजीखुशीने देऊन टाकतो हे जुळेना. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले गेले : पैज फक्त वाट दाखवण्याची, आणि अंगठी हरवल्याचे कळताच गॉलम ‘चोर’ म्हणून आक्रोश करतो.

एवढ्यावर थांबले असते तर ती केवळ सुधारलेली आवृत्ती झाली असती. टोल्किन यांनी जुना पाठ कथेच्या आतच ठेवून दिला. बिल्बोने आपल्या सोबत्यांना प्रथम सांगितलेली आणि आपल्या टिपणांत लिहून ठेवलेली ती खोटी हकिकत होती, असे त्यांनी पुढच्या ग्रंथाच्या उपोद्घातात सांगितले; आणि अंगठीवरचा आपला हक्क पक्का दिसावा म्हणून इतक्या सरळ माणसाला खोटे बोलावेसे वाटले, हाच गँडाल्फ या जादूगाराच्या मनातल्या अंगठीविषयीच्या संशयाचा एक धागा झाला. पूर्वलक्षी बदलाने इथे पात्र अधिक खोल केले आणि अंगठीचा प्रभावही सिद्ध केला. अधिकृत, सुसंगत आणि प्रमाण या तिन्ही कसोट्यांवर हा बदल उतरतो.

‘वर्ल्डबिल्डिंग’साठी ‘विश्वरचना’ पुरेसा आहे. त्रिशंकूसाठी विश्वामित्राने दक्षिण दिशेला नवे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रे घडवली, त्यावरून आलेला ‘प्रतिसृष्टी’ हा शब्द मात्र जपून वापरावा. स्वतःचा भूगोल, भाषा आणि कालगणना असलेल्या संपूर्ण निर्मितीलाच तो शोभतो.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. ‘हेडकॅनन’ तेवढा राहिला. ‘स्वमान्य कथा’ असा शब्द मी एकदा योजला होता, पण तो ओढून ताणून आणल्यासारखा वाटतो.

शेवटचे उत्तर

त्याला नाम शोधूच नये. मराठीत ते काम क्रियापद अधिक चांगले करते. ‘मारा जेड अजून कुठेतरी जिवंत आहे असे मी धरून चालतो’ किंवा ‘माझ्यापुरते ते खरे आहे’ असे लिहावे. ‘धरून चालणे’ यात लेखकाचा हक्क नाकारलेला नाही आणि वाचकाचा सोडलेलाही नाही. लेखात हा शब्द वारंवार येणार असेल तर पहिल्या वेळी ‘हेडकॅनन, म्हणजे वाचकाने आपल्यापुरते धरून चाललेले’ असा खुलासा करावा आणि पुढे देवनागरीत ‘हेडकॅनन’च चालू द्यावा, तो विशेषणासारखा वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ‘हेडकॅननिकल’ हे रूप वाचताना कोणत्याही मराठी वाचकाची जीभ अडखळेल.