ताशाच्या सरावानंतर कानात कुंई वाजतं, काय करू?

ताशेवाला (सांगली): गणपतीसाठी पथकात ताशा वाजवतोय. सराव नदीकाठी, संध्याकाळी दोन-अडीच तास. घरी आलो की कानाला दडे बसलेले असतात आणि आत बारीक कुंई असं वाजत राहतं. सकाळपर्यंत जातं. आई म्हणते कापूस घाल, पथकातली पोरं म्हणतात सवय होते. खरंच होते का? आणि कानात काही घातलं तर ताल कसा कळणार?

मागवाला (विटा): सवय कसली? ऐकू यायचं कमी होतं, त्यालाच लोक सवय म्हणतात. आमच्या वडलांचा उभा जन्म यंत्रमागावर गेला. धोट्याचा खडखडाट एवढा की गाळ्यात सगळं खुणांनीच बोलायचं. आता साठ म्हटलं की त्यांना आठ ऐकू येतं, आणि गिऱ्हाइकाशी वाद होतो. उंच पट्टीचे बारीक आवाज आधी जातात ना, 'स' गळतो. मिरजेला तपासणी केली तर आलेखात चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे त्याच उंच आवाजांपाशी, खड्डा. डॉक्टर म्हणाले, गोंगाटानं गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. तुझं कुंई म्हणजे त्या दमल्यात. आज सकाळपर्यंत सावरतात, रोज सावरतीलच असं नाही.

हिशोब असा: ८५ डेसिबल ८ तास चालतं. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. ताशा कानाजवळ शंभरच्या पुढंच जातो. तुमचा सराव किती वेळ, ते तूच बघ.

कापसानं काही होत नाही. औषध दुकानात फोमचे प्लग मिळतात, स्वस्त असतात. पण लोक नुसते कानाच्या तोंडाशी ठेवतात आणि म्हणतात उपयोग नाही. बोटांत वळून वातीएवढा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरनं नेऊन कान वर-मागं ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचा. मग दोन्ही कानांवर तळवे ठेवून बघ. आवाजात फारसा फरक पडला नाही तर नीट बसलाय. तालाची काळजी सोड, ढोलाचा ठोका छातीत बसतो.

मिरजकर ताई: ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करते. वरचं बरोबर आहे. फोममध्ये आवाज दबका वाटला तर वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या, महाग आहेत पण ताशाची तड तशीच राहते. आत्ताच एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढून ठेवा. तपासणीच्या आदल्या दिवशी सराव नको, नाहीतर थकलेल्या कानाचाच आलेख येतो. सरावानंतर इअरफोन लावून रील बघत बसू नका. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर मळ समजून थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्यांकडे जा. उशिरा औषधं नीट लागू पडत नाहीत.

राजवाड्याजवळचा (सातारा): वाजवणाऱ्यांचं ठीक आहे, ऐकणाऱ्यांचं काय? डीजे मोकळ्यावर असेल तर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. आमच्या पेठेतल्या बोळात भिंती आवाज परत फेकतात, कुठं सरकणार? नियम २००० सालचा आहे: वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५, दहानंतर स्पीकर बंद, वर्षातले फार तर १५ दिवस बारापर्यंत सवलत. ११२ ला फोन केला की पोलिसांची गाडी येते. दुसऱ्या दिवशी मंडळाची पोरं वर्गणीला येऊन विचारतात, 'काका, फोन तुम्हीच केला ना?'

ताशेवाला: आभार सगळ्यांचे. पथकप्रमुख म्हणतात सगळ्यांसाठीच घेऊ. दोरीवाले घ्यावेत की बिनदोरीचे?

मागवाला (विटा): दोरीवाले. निघाले तर गळ्यात राहतात, बिनदोरीचे मिरवणुकीत कुणाच्या पायाखाली जातील पत्ता लागत नाही. आणि कळकट झालेले फेकून द्या, गुलालाच्या हातानं कानात घालू नका.