विषय: स्मशानासमोरचं घर घ्यावं का? (ग्लासनेव्हिन, डब्लिन ९)

प्रेषक: प्रज्ञा

नमस्कार मंडळी,

आम्ही जुलैत पुण्याहून डब्लिनला आलो. सध्या एका खोलीत तिघं राहतोय. पाच आठवडे वणवण केल्यावर काल एक घर मिळण्याच्या बेतात आलंय. ग्लासनेव्हिनमध्ये, वर दोन खोल्या, खाली स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. मला कामावर फिब्सबरोला चालत जाता येईल. अडचण एकच. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे उंच दगडी भिंत आणि भिंतीच्या आत दफनभूमी. वरच्या खिडकीतून क्रॉसच क्रॉस दिसतात.

सासूबाई ऑक्टोबरात तीन महिन्यांसाठी येणार आहेत. व्हिडिओ कॉलवर घर दाखवताना नवऱ्याने फोन मुद्दाम अंगणाकडेच धरला होता, पण त्यांनी विचारलंच, "समोर काय आहे रे?" तेव्हापासून एकच धोशा: स्मशानासमोर बिऱ्हाड कोणी करतं का?

उद्या संध्याकाळपर्यंत एजंटला कळवायचंय. त्या भागात राहणारं कुणी आहे का? मुलगी सहा वर्षांची आहे. शाळा, बस, दुकानं कशी आहेत? आणि खरं सांगा, रात्री कसं वाटतं?

प्रज्ञा

---

प्रेषक: नंदा

प्रज्ञा,

आधी एजंटला हो म्हणून टाक, मग पुढचं वाच. डब्लिनमध्ये भाड्याचं घर कुणाच्या विचारासाठी थांबत नाही.

त्या भिंतीपासून तीन गल्ल्या आत मी बावीस वर्षं राहते. रात्री कसं वाटतं म्हणशील तर काहीच वाटत नाही, कारण काही ऐकूच येत नाही. ओ'कॉनेल स्ट्रीटपासून जेमतेम तीन किलोमीटर, पण रात्री दहानंतर कोल्हा अंगणातून गेला तरी कळतं. (कोल्हे आहेत. कचऱ्याच्या डब्याचं झाकण नीट लाव.) समोरच्या भिंतीपलीकडे कधी इमारत उठणार नाही, लग्नाचा हॉल होणार नाही. पुण्यात असा शेजार मिळायला किती पैसे मोजावे लागले असते?

भिंतीच्या कोपऱ्यांवर बुरूज दिसतील. किल्ल्याचे नाहीत ते. एकोणिसाव्या शतकात इथे प्रेतं चोरीला जायची. वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिरफाडीला मढी लागत आणि ती विकणारे रात्री ताज्या थडग्यांवर कुदळ चालवत. म्हणून उंच भिंत, बुरूज आणि वर पहारेकरी. म्हणजे बाहेरच्यांना आतल्यांपासून नव्हे, आतल्यांना बाहेरच्यांपासून वाचवायची ही भिंत. सासूबाईंना हे जरूर सांग.

ही दफनभूमी १८३२ सालची. त्याआधी कॅथलिकांना शहरात स्वतःची जागा नव्हती. प्रोटेस्टंट चर्चच्या आवारात माणूस पुरायचा आणि कॅथलिक पाद्र्याने थडग्याशी प्रार्थना म्हटली तर त्यालाही आडकाठी व्हायची. कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणारा पुढारी डॅनिअल ओ'कॉनेल, त्याने खटपट करून ही जागा काढली, तीही सगळ्या धर्मांच्या आणि कुठलाच धर्म नसलेल्यांसाठी. पहिलं दफन फ्रान्सिस स्ट्रीटवरच्या अकरा वर्षांच्या एका पोराचं. आज आत पंधरा लाखांवर माणसं आहेत. २०२२च्या जनगणनेत डब्लिन महापालिकेच्या हद्दीत राहणारे सहा लाखांच्या आत भरले. तेव्हा या शहरात बहुमत कुणाचं आहे ते तूच बघ.

मधोमध उंच गोल मनोरा दिसेल, ५५ मीटरचा. तळाशी खुद्द ओ'कॉनेल आहे. १९७१ साली तिथे बॉम्ब फुटला आणि आतला जिना गेला, तो २०१८ साली पुन्हा चढण्याजोगा झाला. त्याचे पैसे पडतात, पण दफनभूमीत फिरायला काही लागत नाही. जवळच विकलोहून आणलेला ग्रॅनाइटचा एक ओबडधोबड धोंडा आहे, त्यावर एकच शब्द: पार्नेल. आयर्लंडच्या होमरूलचा पुढारी तो. टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली ती एप्रिल १९१६मध्ये, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध बंदुका उचलल्या गेल्या होत्या. 'होमरूल' हा शब्द केसरीतून आपल्या आजोबांच्या घरी पोचला त्याचं एक टोक या धोंड्याखाली आहे. मी मराठी पाहुण्यांना तिथे नेतेच, त्यांनी मागितलं नसलं तरी.

पण खरी चैन पुढे आहे. दफनभूमीच्या आतूनच एक फाटक बोटॅनिक गार्डनमध्ये उघडतं. १७९५ सालची बाग, प्रवेश फुकट. रिचर्ड टर्नरच्या लोखंडी-काचेच्या वळणदार घरांचे फोटो सगळेच काढतात, पण तू जानेवारीत पाम हाउसमध्ये जा. बाहेर हाडं गोठवणारा वारा आणि दार ढकललं की चष्म्यावर वाफ, नाकात ओल्या मातीचा वास, डोक्यावर ताडामाडांच्या झावळ्या. पहिल्या हिवाळ्यात मी तिथे उभी राहून रडले होते. माहेर दापोलीचं, काय करणार. पायऱ्यांवर एक पाटी आहे: व्हिटगेनश्टाइन १९४८-४९च्या हिवाळ्यात इथे येऊन बसायचा. तत्त्वज्ञानातलं मला काही कळत नाही, पण थंडीत ऊब शोधत तो बरोबर जागी आला होता एवढं नक्की कळतं.

याच बागेत २० ऑगस्ट १८४५ला डेव्हिड मूर या बागप्रमुखाला बटाट्याच्या पानांवर करपा दिसला. पुढच्या काही वर्षांत या देशातली दहा लाख माणसं भुकेने आणि रोगाने गेली, जवळपास तेवढीच बोटीत बसली. गेलेल्यांपैकी हजारो भिंतीपलीकडे आहेत. मी तिथल्या वाफ्यांकडे पाहते तेव्हा हे आठवतंच.

बाकी कामाचं. बस भरपूर, पण नंबर हल्ली बदलताहेत, जुन्या माणसांचं ऐकू नकोस, ॲप पाहा. लीप कार्डवर (प्रवासाचं कार्ड) दोन युरोत ९० मिनिटं बस-लुआस (लुआस म्हणजे ट्राम) बदलता येते. हिरव्या लाइनचं लुआस फिब्सबरोला, पंधरा-वीस मिनिटं चालत. मुलीला खेळायला टोल्का नदीकाठचं ग्रिफिथ पार्क. बागेत कुत्रा नेता येत नाही.

नंदाताई

---

प्रेषक: अविनाश

नंदाताईंनी टिळक आणले, आता ओलीचं कोण बोलणार? मी बोलतो. तीन वर्षं तिथे काढून डब्लिनच्या उत्तरेला स्वोर्ड्स गावी पळालोय.

१. लाल विटांची ती शंभर-सव्वाशे वर्षांची घरं फोटोत फार सुरेख. आत भिंतीला हात लावून बघा. बीईआर विचारा, म्हणजे घर किती ऊर्जा खातं त्याची श्रेणी, ए (उत्तम) ते जी (वाईट). एफ किंवा जी म्हणाले तर गॅसच्या बिलाला वेगळी नोकरी धरावी लागेल. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे बुरशी येते. माझा लग्नातला सूट हिरवा झाला.

२. इमर्शन, म्हणजे पाणी तापवायचा विजेचा हीटर. कपाटात पाण्याची टाकी आणि बाहेर बटण, त्यावर 'सिंक' आणि 'बाथ'. ते चालू ठेवून बाहेर गेलात तर आयरिश घरमालकीण माफ करत नाही.

३. घर टोल्काच्या जवळ असेल तर पुराची चौकशी करा. नोव्हेंबर २००२मध्ये ड्रमकोंड्रात लोकांच्या दिवाणखान्यात पाणी होतं. प्रज्ञा, तुमचं दफनभूमीसमोर म्हणजे चढावर आहे, बहुतेक चिंता नाही.

४. जीपी (फॅमिली डॉक्टर) आजच शोधायला लागा. "नवीन पेशंट घेत नाही" हे वाक्य पाठ होईल. एकदा यादीत नाव लागलं की आठ वर्षांखालच्या मुलांची तपासणी फुकट, तेवढं कार्ड काढा.

५. क्रोक पार्क या जवळच्या स्टेडियमवर मॅच असली की गाडी जागची हलवू नका.

आणि हो, हवामान खात्याचं मुख्यालय त्याच टेकडीवर आहे, टोक छाटलेल्या पिरॅमिडसारखी इमारत, १९७९ची. त्याच्या दारात मी तीनदा छत्रीशिवाय भिजलोय.

अविनाश

---

प्रेषक: मृणाल

शाळेपुरतं लिहिते. इथल्या दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. बाप्तिस्मा नाही म्हणून प्रवेश मागे ठेवणं कॅथलिक शाळांत २०१८च्या कायद्याने बंद झालं, त्यामुळे घाबरू नका. पण दुसरीत 'फर्स्ट कम्युनियन' या कॅथलिक मुलांच्या विधीची तयारी चालते तेव्हा आपलं पोर मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसतं, हे माहीत असू द्या. ते नको असेल तर ग्रिफिथ अव्हेन्यूवर एज्युकेट टुगेदरची शाळा आहे, ती कुठल्याच चर्चच्या हाताखाली नाही. दोन्हीकडे आज अर्ज करा. सहा वर्षांची म्हणजे मधल्या वर्गात जागा रिकामी व्हायची वाट पाहावी लागेल. आयरिश भाषा सगळीकडे आहे. माझी लेक आता आमच्यावर चिडली की आयरिशमध्ये चिडते.

खेळासाठी मोव्ही रोडवरचा ना फिएना क्लब. हर्लिंग म्हणजे विटी-दांडू आणि हॉकी यांचं भांडण समजा. जानेवारी २०२५मध्ये ते अखिल आयर्लंड क्लब विजेते झाले, तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या हातात काठी आहे. शिरस्त्राण घ्याच.

मोव्ही हा सहाव्या शतकातला संत. त्याचा मठ इथे ओढ्याकाठी होता. गावाच्या नावाचा एक अर्थ 'तान्ह्या मुलांचा ओढा' असा सांगतात. सासूबाईंना स्मशानाऐवजी हे सांगून पाहा.

मृणाल

---

प्रेषक: प्रज्ञा

सगळ्यांचे आभार. घर घेतलं. बीईआर ई-वन आहे, अविनाशदादा, रागावू नका.

आईंना बुरूज, टिळक, तान्ह्या मुलांचा ओढा, सगळं सांगितलं. टिळकांपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते राहू दे. तिथे आपल्यातलं कुणी गेलं तर काय करतात, ते विचार त्या नंदाताईंना." मला काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून जसंच्या तसं विचारते.

प्रज्ञा

---

प्रेषक: नंदा

प्रज्ञा,

बरोबर विचारलं त्यांनी. आपण मंडळात गणपतीच्या वर्गणीवर चाळीस मेल लिहितो, यावर एकही नाही.

त्या भिंतीच्या आतच दाहिनी आहे, १९८२ची, आयर्लंड प्रजासत्ताकातली पहिली. त्याआधी इथे जाळण्याची सोयच नव्हती. माझ्या सासूबाईंना तिथेच नेलं. आपल्यासारखं त्याच दिवशी होत नाही, डॉक्टरांचे कागद होईपर्यंत आम्ही चार दिवस थांबलो. ते चार दिवस फार जड गेले. सुतक घरात आणि माणूस दुसरीकडे. लहानशा चॅपलमध्ये वेळ ठरवून मिळते. आम्ही गीतेचा पंधरावा अध्याय म्हटला, ह्यांनी तुळशीचं पान आणि गंगाजल ठेवलं, कुणी हरकत घेतली नाही. अग्नी हाताने देता येत नाही, पडदा सरकतो. ह्यांना तेच सलत राहिलं.

बाहेर आलो तर गल्लीतली सात घरं फाटकाशी उभी. कुणी बोलावलं नव्हतं. इथे मयताला जातातच, ओळख असो नसो. हात हातात घेऊन "तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं" एवढं एकच वाक्य म्हणतात आणि सरकतात. मग शेजारच्या म्हाताऱ्याने ह्यांना कोपऱ्यावरच्या कॅव्हनाच्या पबात नेलं. १८३३पासूनचा तो पब, टीव्ही नाही, गाणी नाहीत. पूर्वी थडगी खणणारे भिंतीवर फावडं ठोकायचे आणि आतून ग्लास बाहेर यायचे अशी गोष्ट सांगतात, म्हणून सगळे त्याला 'ग्रेव्हडिगर्स'च म्हणतात. हे दारू घेत नाहीत. दोन तास चहा पीत बसले आणि आईच्या आठवणी सांगत राहिले. मला वाटतं तेराव्याआधी तेरावं तिथेच झालं.

अस्थी पुढच्या खेपेला हर्णैच्या समुद्रात.

नंदाताई

---

प्रेषक: प्रज्ञा

(नोव्हेंबर)

नमस्कार,

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. शाळेत जागा मिळाली, जीपी अजून नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय.

आई येऊन महिना झाला. पहिले चार दिवस त्यांनी पुढच्या खोलीचा पडदा उघडू दिला नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या आजींनी दार वाजवून ब्राउन ब्रेड दिला, आईंनी तोच डबा भरून शंकरपाळी पाठवली. आईंना इंग्रजी येत नाही, आजींना दुसरं काही येत नाही. नोव्हेंबर हा इथे गेलेल्यांचा महिना. आजी नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवायला निघाल्या आणि आईंना हाताला धरून घेऊन गेल्या. परत येऊन आई म्हणाल्या, "यांचा पितृपक्ष आपल्यानंतर येतो."

आता रोज सकाळी दोघी जातात, फाटकातून बागेत, खारी बघत पाम हाउसपर्यंत, आणि तिथे बाकावर बसून येतात. काय बोलतात देव जाणे. काल आईंनी पार्नेलच्या धोंड्यावर जास्वंद नाही म्हणून खिडकीतलं जिरॅनियम ठेवलं. "टिळकांच्या ओळखीतला ना तो?"

मेल लिहायचं कारण: तिथलं गवत सकाळी चिंब असतं आणि त्या चपलांनीच जातात. वापरलेले, लहान पायाचे, पाच नंबरचे गमबूट कुणाकडे पडून असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. लाल नकोत म्हणाल्या.

प्रज्ञा