कोझी मिस्ट्रीचा साचा ठरलेला असतो, आणि तो तसाच असायला पाहिजे. तुमचं मत सांगा

भुसावळची_वाचक
परवा आमच्या वाचक ग्रुपवर एकाने लिहिलं की या कोझी मिस्ट्री, म्हणजे रक्तपात न दाखवता खुनाचं कोडं सोडवणाऱ्या रहस्यकथा, एक वाचली की सगळ्या वाचल्या, तेच छोटं गाव, तीच चौकस म्हातारी, तोच कर्जात बुडालेला पुतण्या आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून तेच भाषण. मला हे अजिबात पटलं नाही म्हणून धागा काढते. साचा ठरलेला आहे म्हणून तर वाचकाला बरोबरीने खेळता येतं ना! रोनाल्ड नॉक्स नावाच्या लेखकाने, तो स्वतः पाद्री होता, १९२९ मध्ये रहस्यकथेचे १० नियम लिहिले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच भेटला पाहिजे, भूतखेत चालणार नाही, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या नकोत, शास्त्राला माहीत नसलेलं विष नको, आणि डिटेक्टिव्हला जो पुरावा सापडला तो वाचकालाही दिसला पाहिजे. ही वाचकाशी इमानदारी आहे. आजकालच्या थ्रिलरमध्ये शेवटच्या २० पानांत कुठूनतरी नवीनच माणूस येतो आणि तोच खुनी निघतो, ते मला फसवणूक वाटते.

धुळेकर
ताई नियमांबद्दल काही म्हणणं नाही, माझं भांडण मेलेल्या माणसावरून आहे. या पुस्तकांमध्ये जो मरतो तो बहुतेक वेळा कोणालाच नको असलेला माणूस असतो, कंजूष म्हातारा नाहीतर खवट मालकीण, म्हणजे वाचकाला वाईट वाटायला नको याची सोय आधीच करून ठेवलेली. आपल्याकडे गल्लीत मयत झाली तर शेजारी पिठलं-भाकरी करून आणतात, लोकं दहाव्यापर्यंत दारावर येत राहतात, तालुक्याहून नातेवाईक येतात, आणि इथे दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत जॅम कोणता चांगला यावर गप्पा. एक माणूस गेलाय, आणि ते फक्त कोडं सुटायचं निमित्त. मला हे वाचवत नाही.

भुसावळची_वाचक
रडारड कमी असते हे खरं आहे दादा. पण काळ बघा ना. या प्रकारातली सगळ्यात मोठी इंग्लिश लेखिका ॲगाथा ख्रिस्ती, तिने पहिली रहस्यकादंबरी पहिल्या महायुद्धात लिहिली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या टॉर्कीला जखमी सैनिकांच्या दवाखान्यात काम करायची, औषधं द्यायची, विषांची माहिती तिला तिथूनच झाली. पुस्तक आलं १९२० मध्ये. लाखोंनी पोरं खंदकात मेलेली आणि त्यातल्या एकाचाही हिशोब कोणी मागितला नाही, अशा काळात ही पुस्तकं म्हणतात की एक माणूस मेलाय, भले तो कोणाला आवडत नसेल, तरी कोणी मारलं ते कळल्याशिवाय आम्ही उठणार नाही. नकोशा माणसाच्या मरणाचाही छडा लागला पाहिजे, हे मला फार मोठं वाटतं.

बोरीकाठचा
तुमनं म्हननं खरं शे ताई, पन माझा आक्षेप त्या चौकस म्हातारीवर आहे. ख्रिस्तीची ती डिटेक्टिव्ह म्हातारी मिस मार्पल काय करते तर गावातल्या चहाड्या ऐकते आणि त्यावरून खुनी शोधते, आणि आपण टाळ्या वाजवतो. छोट्या गावात राहणाऱ्याला विचारा चहाडी काय करते ते. एखाद्याचं नाव एकदा लोकांच्या तोंडी आलं ना की पोरीचं लग्न ठरेपर्यंत पुसलं जात नाही, मग पोलिसांनी कितीही क्लीन चिट देऊ द्या.

भुसावळची_वाचक
हा मुद्दा जबरदस्त आहे, पण याचं उत्तर त्याच पुस्तकांत आहे. मिस मार्पलच्या सुरुवातीच्या १३ गोष्टींचा संग्रह १९३२ चा, त्यात चार संशयितांची एक गोष्ट आहे. म्हातारे डॉक्टर जिन्यावरून पडून मरतात, घरात पुतणी, जुनी मोलकरीण, सेक्रेटरी आणि माळी. सर हेन्री हा स्कॉटलंड यार्डचा, म्हणजे लंडनच्या पोलिसांचा मोठा साहेब, त्याला खुनी सुटल्यापेक्षा जास्त त्रास याचा होतो की चौघांपैकी तिघं निर्दोष आहेत आणि खरं बाहेर आलं नाही तर ते जन्मभर संशयाखाली जगणार. खुनी शोधायचा तो या तिघांसाठी. आणि मिस मार्पल नुसत्या चहाडीवर थांबत नाही, ती माणसं ताडते. हा माणूस आमच्या गावातल्या अमक्यासारखा वागतोय, तो असा वागला होता तेव्हा आत काय चाललं होतं, असा तिचा हिशोब. उन्हाळ्यात ओट्यावर पापड लाटता लाटता आपल्या काकू-मावश्या हेच करतात, त्यांचं कोणी ऐकत नाही एवढंच. पुस्तकात इन्स्पेक्टर ऐकतो. मला तिथे खूप बरं वाटतं.

केळीबागवाला
भो, मी तर अर्नाळकर वाचून मोठा झालो, काळापहाड, झुंजार, तिथे वेषांतर, मारामारी, पाठलाग. बसल्या जागी डोकं चालवणारी म्हातारी मराठीत फारशी आलीच नाही याचं मला वाईट वाटू राह्यलं. आपल्याकडे सामान काय कमी आहे का, थंडीत शेतात भरीत पार्टी, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजू राह्यले, कळण्याच्या भाकरी, मोजकी माणसं, विहीर जवळ, लाईट गेलेली. कोणीतरी लिहा राव.

धुळेकर
लिहून चालणार नाही. आपल्याकडे कोणाचं कोणाशी वाकडं आहे हे पूर्ण गावाला माहीत असतं. बांधावरून भांडण, भावाभावांत वाटणी. पहिल्या पानावर खुनी कळेल.

भुसावळची_वाचक
उलट! गावाला बांधाचं भांडण माहीत आहे म्हणूनच सगळे त्या एकाकडे बघत बसतील, आणि खरा माणूस आरामात मयतीला खांदा देईल. आणि पुरावा कुठे ठेवायचा सांगू, तलाठ्याकडच्या फेरफारमध्ये. सातबाऱ्यावर वारसांची नावं कधी चढली, बहिणीने हक्कसोड कधी केलं, ते कागदावर कोणालाही बघता येतं पण बघतं कोण? वाचकासमोर तिसऱ्या प्रकरणातच ठेवून द्यायचं. नॉक्सचा नियम पाळला गेला.

धुळेकर
फेरफारची आयडिया मस्त आहे, मान्य. पण विषाचं काय कराल? ख्रिस्तीच्या पुस्तकात विष म्हणजे कपाटातली एक बाटली. आपल्या कपाशीच्या भागात फवारणीचं औषध घराघरात आहे आणि ते कोणी का घेतलं हे ऐकत ऐकत आपण मोठे झालो. तिथे ते कोड्याचा भाग म्हणून वाचताना मला त्रास होईल. तो त्रास वाचकाला झालाच पाहिजे असं माझं म्हणणं आहे, आणि तो झाला तर मग ती कोझी राहणार नाही.

भुसावळची_वाचक
विष नको मग, विहीर ठेवू. फवारणीच्या औषधाचं कोडं मीही करणार नाही, तेवढं तुमचं एकदम बरोबर. बाकी साच्यावर मी ठाम आहे.

केळीबागवाला
ताई ते १३ गोष्टींचं मराठीत मिळेल का? इंग्रजी वाचायला मले वेळ लागतो.

भुसावळची_वाचक
ख्रिस्तीची बरीच पुस्तकं मराठीत आलीत, जळगावला व. वा. वाचनालयात आधी विचारून बघा. इंग्रजीतही अवघड नाही, छोट्या गोष्टी आहेत, एका बैठकीत एक होते. फक्त शेवट आधी बघायचा नाही.