संभाजीनगर ते नळदुर्ग, दोन दिवस, घरची गाडी: कुठे थांबावं, काय खावं-प्यावं?

सिडकोवासी
पितृपक्षात दोन दिवस मोकळे मिळालेत. घटस्थापनेची गर्दी सुरू व्हायच्या आत नळदुर्गचा पाणीमहाल बघून यायचाय. जाताना बीड, धाराशिव, तुळजापूर; येताना औसा, लातूर, अंबाजोगाई. गाडीत आम्ही दोघं, दोन लेकरं आणि आई-बाबा. बाबा माळकरी, जिथं मटण शिजतं तिथलं पाणीसुद्धा घेत नाहीत. आईला शुगर. मागच्या वेळी याच रस्त्यावर एका चकाचक हॉटेलात पाऊण तास बसून पनीरची लाल भाजी खाल्ली आणि रात्रभर धाकट्याला उलट्या झाल्या. या वेळी लेकरांना आपल्या भागातलं खाऊ घालायचंय. कुठे थांबू?

केजकर
भाऊ, बियाण्यांच्या कामासाठी १६ वर्षं याच रस्त्यावर फिरतोय, म्हणून मनापासून सांगतो. हायवेवर जेवण शोधूच नका. आपल्याकडचं चांगलं जेवण अजून घरातच आहे. रस्त्यावर खरं चांगलं मिळतं ते दुधाचं. तेव्हा पहिल्या दुपारचा डबा सोबत घ्या आणि पोटात थोडी जागा कुंथलगिरीसाठी राखा.

डब्याला धपाटे. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, मूठभर कोथिंबीर. बाबा लसूण खात नसतील तर जिरं-मिरची वाटून घाला. ओल्या फडक्यावर थापायचे, मधे बोटानं भोकं पाडायची आणि त्यात तेल सोडायचं. संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी, बस.

सकाळी सहाला निघा, शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ पहिला चहा. बीड ओलांडून मांजरसुंब्याकडे निघालात की कपिलधारचा फाटा येतो. मन्मथस्वामींची समाधी आहे, शेजारी धबधबा. पाऊस बरा झाला असेल तर सप्टेंबरात पाणी असतं. सावली बघून तिथंच डबा सोडा. बाबांच्या जेवणाची काळजीच राहत नाही.

चौसाळा मागं पडलं की सरमकुंडी फाटा, कुंथलगिरी. हा सगळा खव्याचा पट्टा. शेती पावसावरची, म्हणून दुधावर घर चालतं. भट्टीवाल्याला विचारा आणि लेकरांना दोन मिनिटं जवळ उभं करा. लोखंडी कढईत दूध खदखदत असतं आणि माणूस उलथन्यानं कडेची साय खरवडून आत ढकलत राहतो. हात थांबला की तळ लागला. पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो, हे डोळ्यांनी बघितलं की लेकरं पेढा टाकून देत नाहीत. पेढा घ्यायच्या आधी एक मागून खा. बोटानं दाबल्यावर रवाळ लागला, बोटाला तूप आलं, तर घ्या. दाताला चिकटला तर पुढचं दुकान.

आणि खवा घेऊ नका, पेढाच घ्या. एका दिवाळीला बहिणीकडे न्यायला मी दोन किलो खवा डिकीत ठेवला, वाटेत दोन गावांत कामं केली. तिच्या घरी डबा उघडला तर आंबूस वास. ती काही बोलली नाही, पण ते मला आजही लागतं.

मुक्काम तुळजापूरला करा. देवीच्या गावात मटणाच्या खानावळी भरपूर आहेत, तेव्हा पाटी वाचूनच बाबांना आत न्या. खानावळीत दोनच गोष्टी विचारा: भाकरी गरम टाकून देता का, आणि येसराची (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) आमटी आहे का. दोन्हीला हो म्हणाले तर मेनू कार्ड बघायची गरज नाही.

नळदुर्ग तिथून ३०-३५ किमी. सकाळी लवकर गाठा. १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात बांधलेला तो महाल बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात आहे. बोरी नदी भरून वाहत असली की नर-मादी धबधबे आणि आपण मधे. किल्ल्यात खाण्याची आशा ठेवू नका, पाणी सोबत न्या.

औशाची लेक
केजकर दादांचं सगळं पटलं, पण परतीचा रस्ता माझ्या माहेरचा आहे. तुळजापूर-औसा रस्त्यावर उजनी लागते. मोबाईलवर नुसतं उजनी टाकलं तर सोलापूरकडच्या धरणावर पोचाल, आमची उजनी औसा तालुक्यातली. तिथली बासुंदी खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. आटवून आटवून तांबूस झालेली, वाटीत जाड साय. बदाम-पिस्त्यांचा भडिमार नाही, दूधच बोलतं. मोठ्यांना एक वाटी पुरते, लेकरांना अर्धी.

लातूरला थांबलात तर सुशीला खा. मुरमुरे भिजवून पिळायचे, मोहरी-मिरचीची फोडणी, डाळव्याची (भाजक्या चणाडाळीची) पूड, वरून कोथिंबीर आणि लिंबू. पोह्यांपेक्षा हलकी, आजारी माणसालाही चालते. लेकरांना निलंगा राईस, म्हणजे निलंग्याकडचा मसालेदार भातही आवडेल.

आंबील आणि भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी, तळलेली भजी नव्हे) मात्र आत्ता शोधू नका. ती येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात, कोणाच्या तरी घरच्या माणसांसोबत बसूनच खायची. डिसेंबर-जानेवारीत अमावस्येला या. आमच्याकडे रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात.

बालाघाट
कोणी मांसाहारी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: उस्मानाबादी शेळी याच भागातली. धाराशिवला मटण-भाकरी खा, रस्सा काळ्या मसाल्याचा मागा. आणि सप्टेंबरअखेर बीड-धारूरकडे सीताफळाच्या टोपल्या दिसायला लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. टणक फळ घ्या, घरी पिकवा.

सिडकोवासी
खूप आभार सगळ्यांचे. आईनं प्यावं काय? वाटेत सारखा गोड चहा मिळतो.

केजकर
चहा बिनसाखरेचा स्वतंत्र टाकायला सांगा, पाच मिनिटं लागतात पण देतात. ताक घरचंच, थर्मासात. उघड्या माठातलं ताक प्रवासात कोणालाच देऊ नका. सीताफळ आणि बासुंदी डॉक्टरांना विचारूनच.

सिडकोवासी
परवा रात्री परत आलो. बोरीला पाणी होतं. महालाच्या खिडकीत उभं राहून दोघं लेकरं ओरडत होती, काही ऐकू येत नव्हतं. कपिलधारला धपाटे कमी पडले. उजनीला आईनं बाबांच्या वाटीतून एक चमचा घेतला, डोळे मिटले आणि वाटी परत सरकवली. लातूरला बाबांनी सुशीला दोनदा मागितली. आज सकाळी बायकोनं मुरमुरे भिजवले, पण डाळव्याची पूड किती घालायची? औशाच्या ताई, माप सांगता का?

औशाची लेक
चार वाट्या मुरमुऱ्यांना अर्धी वाटी. गॅस बंद करून घाला, नाहीतर कोरडी पडते.